हरणाच्या वजनाचा तांदूळ

नोव्हेंबर सरत आला की अमेरिकेतल्या, ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावातल्या मोठ्या दुकानात हॅलोविनचे भोपळे उचलून नेलेल्या जागेवर केशरी जाकिटं टांगली जातात. केशरी म्हणजे आपल्या देवळावरच्या झेंड्याचा नव्हे, डोळ्यांत खुपणारा, धुक्यातूनही दिसेल असा भडक केशरी. गावाबाहेरची मक्याची शेतं तोवर कापून झालेली असतात, नुसते खुंट उरलेले असतात आणि सकाळी त्यांच्यावर दहिवर पांढरं पडलेलं असतं. हायवेवर पिकअप आणि त्यांच्यामागे ट्रेलर दिसू लागतात. ट्रेलरवर ती जाड टायरांची, चिखलाने माखलेली, डोंगरात चालणारी वाहनं बांधलेली असतात. हरणांच्या शिकारीचा हंगाम आला, असं कुणी सांगावं लागत नाही.

मी साठीला आलेला, केकमधल्या अंड्यापलीकडे कधी न गेलेला शाकाहारी माणूस आहे. तरीही सिग्नलला शेजारी असा ट्रेलर उभा राहिला की माझी मान आपोआप वळते. हौदा जमिनीपासून किती उंच आहे, मागची फळी कुठवर खाली येते, दोर गुंडाळून ओझं ओढणारा विंच कुठे बसवलाय, हे मी पाहत राहतो. मग शेजारच्या सीटवरून सुनंदा, म्हणजे माझी बायको, शांतपणे सांगते की सिग्नल केव्हाचा हिरवा झालाय. ही सवय मला तीन वर्षांपूर्वी, २००५ सालच्या शरदात लागली, आणि ती सुटावी असं मला मुळीच वाटत नाही.

सप्टेंबरात मृण्मयीचा फोन आला होता. मृण्मयी आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. आमच्या घरापासून दोन तासांवर, ओहायोच्या आग्नेयेकडच्या डोंगराळ भागात ती जनावरांची डॉक्टर आहे. कुत्र्यामांजरांची नव्हे, गाईघोड्यांची. तिने सांगितलं, "बाबा, मला एक गाडी घ्यायचीय. ऑफ-रोड. फॉर हॉलिंग गेम. तुम्ही चूज करायला हेल्प कराल?" मी विचारलं, कसला गेम? ती म्हणाली, बिग गेम. माझ्या डोळ्यांसमोर फुटबॉलचे गोल, जाळ्या, हेल्मेटांची पोती उभी राहिली. मी वही ओढली आणि विचारलं की टीममध्ये किती जण आहेत. पलीकडे ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

इंग्रजीत शिकारीच्या जनावरालाही गेम म्हणतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुनंदाला मात्र ते लगेच कळलं. ती गिरगावातली. तिच्या मुंबईत कुणाचा गेम करतात म्हणजे काय करतात हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. "हरणाचा गेम करायचाय तिला," ती म्हणाली आणि भाजीला फोडणी घालायला निघून गेली. मृण्मयी दोन वर्षं शिकारीला जात होती हे आम्हाला ठाऊक होतं, पण आमच्या घरात त्याला शिकार म्हणायची पद्धत नव्हती. 'ती डोंगरात जाते' असं आम्ही म्हणायचो, आणि ओळखीच्यांना वाटायचं की मुलगी ट्रेकिंग करते.

पण त्या फोनने मला जे झालं ते हरणामुळे झालं नव्हतं. मृण्मयीने मला काहीतरी विचारलं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिने कॉम्प्युटर सोडून जनावरांचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी बोलून गेलो होतो की गुरांच्या मागेच फिरायचं होतं तर आपण इतक्या लांब कशाला आलो? ती भांडली नाही, रडली नाही. फक्त त्यानंतर तिने मला काही विचारणं बंद केलं. बोलायची, यायची, वाढदिवसाला स्वेटर आणायची, पण सल्ला म्हणून विचारायची नाही. तिने स्वतःची पहिली गाडी घेतली तेव्हा मला फोटो आला. ज्याचं सगळं आयुष्य गाड्यांमध्ये गेलं त्या बापाला मुलीच्या गाडीचा फोटो यावा, हे मला फार लागलं होतं. दोष कुणाचा हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्तच लागलं होतं.

ती गाडी तिला का हवी होती, हे तिने त्याच फोनवर सांगितलं. आदल्या वर्षी तिने रॉयच्या जमिनीवर एक मोठा नर मारला होता. रॉय हा तिचा शेजारी, सत्तरी ओलांडलेला शेतकरी, त्यानेच तिला आपली बंदूक देऊन ती धरायला शिकवलं. हरीण पडलं ते दरीच्या तळाशी. दोर बांधून ती एकटी ते अर्धा दिवस ओढत होती, आणि अर्धी चढणसुद्धा झाली नव्हती. शेवटी रॉयने दोन शेजाऱ्यांना बोलावलं आणि त्यांनी वीस मिनिटांत ते वर आणलं. कुणी हसलं नाही. "दे वेअर सो नाईस अबाउट इट, बाबा," ती म्हणाली. ते हसले असते तर बरं झालं असतं, असा तिचा सूर होता.

त्या डोंगरात एक रीत आहे. ज्याने मारलं त्याने वर आणायचं, आणि मांस वाया जाऊ द्यायचं नाही. मृण्मयीने ती रीत स्वतःला जास्तच कडक लावून घेतली होती. जे मला उचलता येत नाही ते मारायचा मला हक्क नाही, असं ती म्हणाली. या वर्षी एकटीने वर आणता आलं तर ती शिकार करणार होती, नाहीतर बंदूक रॉयला परत देऊन कायमची थांबणार होती. खरं सांगायचं तर ती थांबली असती तर सुनंदाला आनंदच झाला असता. मला झाला नसता, आणि याचं मलाच नवल वाटलं.

मी तरुणपणी पिंपरीच्या एका कारखान्यात टेम्पोच्या चाचणी विभागात होतो. टेम्पोत वाळूची पोती भरायची आणि खंबाटकीचा घाट चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, हे माझं काम. आमचे साहेब सांगायचे की छापील कागदावर काय लिहिलंय ते विसरा, गाडी भरलेली असताना, चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये काय बोलते ते ऐका. पुढे अमेरिकेत येऊन मी तीस वर्षं सुट्या भागांची ड्रॉइंगं केली, पण गाडी ऐकायचं ते काम मला पुन्हा मिळालं नाही. त्यामुळे फोन ठेवल्यावर मी गराजमध्ये गेलो, जुनी वही काढली आणि पहिल्या पानावर 'मृण्मयी – गाडी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

अशा गाड्या विकणाऱ्या डीलरचं नाव डेल. उंच, सावकाश बोलणारा, दातांत सतत काडी धरलेला माणूस. त्याने मला चार चाकांची, घोड्यासारखी वर बसून चालवायची एक मशीन दाखवली. इंजिन दणदणीत, टायर गुबगुबीत, पुढेमागे सामान बांधायला लोखंडी रॅक. मी म्हणालो, वजन घालून पाहायचंय. वाळू त्याच्या नव्या मालावर नको म्हणून मी घरून तांदूळ नेला होता. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाचा तांदूळ त्या वर्षी आमच्याकडे होता, वीस-वीस पौंडांच्या पिशव्या गराजमध्ये रचलेल्या होत्या. आतडी काढल्यावर मोठं हरीण एकशे साठ पौंडांच्या आसपास भरतं असं मृण्मयीने सांगितलं होतं, म्हणून मी आठ पिशव्या नेल्या. डेलने विचारलं की हे काय आहे. मी सांगितलं, हरीण. त्याने पिशवीवरचा 'बासमती' हा शब्द अक्षरं लावून लावून वाचला आणि काडी या गालातून त्या गालात नेली.

मी पिशव्या रॅकवर नीट रचल्या, दोराने आवळल्या आणि त्याच्या दुकानामागच्या टेकडीवर ती मशीन चढवली. काय चढली म्हणून सांगू. खंबाटकीत अशी गाडी मिळाली असती तर आमचे साहेब निवृत्तच झाले नसते. मी वहीत खूण केली आणि मृण्मयीला शनिवारी बोलावलं.

ती आली, मशीनभोवती एक फेरी मारली आणि मी पिशव्या चढवताना बघत राहिली. चौथ्या पिशवीला ती म्हणाली, "बाबा, डिअर आठ पीसेसमध्ये येत नाही."

मी पाचवी पिशवी हातात धरून उभा राहिलो. ती म्हणत होती ते अगदी सरळ होतं. हरीण एक असतं, आणि ते लोळत असतं. मान एकीकडे जाते, पाय चारीकडे. त्याला धरायला कड नसते, आणि ते कमरेएवढ्या रॅकवर एकटीने चढवायचं असतं. अवघड होतं ते हेच, चढण नव्हे. माझं सगळं आयुष्य गाडी माल कसा नेते हे पाहण्यात गेलं, आणि माल गाडीत चढतो कसा हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. का पडला नव्हता, हेही मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. पिंपरीत माल चढवायला चार हमाल होते. आम्ही हातात वही घेऊन यायचो तेव्हा टेम्पो भरलेला असायचा. त्या चार माणसांपैकी आज मला एकाचंच नाव आठवतं, गेनबा, आणि तेही त्याची पाठ धरली होती म्हणून. गाडीची क्षमता आम्ही किलोत मोजली, पण गेनबाच्या पाठीला आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.

मी मृण्मयीला म्हणालो, "माझं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून बघू." तिच्यासमोर 'माझं चुकलं' मी त्याआधी कधी म्हणालो होतो की नाही कोण जाणे. तिनेही ते ऐकून सोडून दिलं आणि दोर सोडायला लागली.

आता आम्हाला एकसंध हरीण हवं होतं. गादीची एक जुनी खोळ होती, तिच्यात आठही पिशव्या ओतून तोंड शिवायचं असं मी ठरवलं. सुनंदाने आधीच जाहीर करून टाकलं होतं की ती ह्यात नाही. म्हणून दाभण आणि सुतळी घेऊन ती खोळ मी शिवली. मागच्या अंगणात मृण्मयीने ती एका बाजूने उचलायला आणि माझी शिवण उसवायला एकच गाठ पडली. मंडळाच्या तांदळाचा ढीग हिरवळीवर पसरला. नेमकी तेव्हा शेजारची बाई कुत्रा फिरवत कुंपणापाशी आली होती. ती थांबली, हसली, छान दिवस आहे म्हणाली आणि झपझप पुढे गेली.

सुनंदा खिडकीतून बघत होती. हिंसा ती कशीबशी सहन करत होती, पण ती शिवण तिला सहन झाली नाही. ती बाहेर आली, खोळ उचलली आणि टाके बघून म्हणाली की हे कुणाला सांगू नका. मग जेवणाच्या टेबलावर शिवणाचं मशीन आलं. तिने खोळीला आतून दुसरं कापड लावलं, दुहेरी शिवण घातली, चार कोपऱ्यांना चार जाड पट्टे लावले, दोर बांधता यावेत म्हणून. मी शेजारी उभा होतो. सुई थांबवून तिने विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला?"

मी आणि मृण्मयीने एकमेकांकडे बघितलं. मृण्मयीने बोट दाखवलं. सुनंदाने त्या बाजूला थोडी निमुळती शिवण घातली आणि पाय दाबून मशीन पुढे चालवलं. सांडलेला तांदूळ मी निवडून आणला, त्यात थोडी नवी भर घातली. मंडळाला आम्ही नवा तांदूळ घेऊन दिला, आणि तो हरणाचा तांदूळ पुढे उन्हाळ्यापर्यंत आम्ही घरी खाल्ला. सुनंदा कुकर लावताना विचारायची, आज हरीण की पोळ्या?

त्या निमुळत्या खोळीने डेलच्या दुकानातली निम्मी वाहनं नापास केली. नियम एकच होता, मृण्मयीशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी हात मागे बांधून उभा राहायचो, आणि डेलही माझ्यासारखेच हात मागे बांधायला लागला. चार चाकांच्या मशीनवर खोळ चढायची ती निम्मीच, आणि चढलीच तर रॅकवरून पलीकडे घरंगळायची. मग दोन सीटची, छप्पर असलेली, मागे हौदा असलेली एक चकचकीत गाडी पाहिली. ती डेलला विकायची होती आणि मला घ्यायची होती. पण हौदा छातीएवढा उंच, आणि रॉयच्या दरीत उतरणाऱ्या वाटेवर दोन ओक वृक्षांमधून ती गेलीच नसती. मृण्मयीने त्या झाडांमधलं अंतर दोरीने मोजून, दोरीला गाठ मारून आणलं होतं. ती गाठ पाहून मला किती बरं वाटलं हे मी तिला सांगितलं नाही. माझ्या मापांच्या वेडाचा तिला वारसा मिळाला होता, आणि मला पत्ताच नव्हता.

शेवटी सापडली ती दुकानाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात. जुनी, सहा चाकांची, रंग उडून पोपटी झालेली. तिच्याकडे मी चार वेळा पाहून चार वेळा तोंड फिरवलं होतं. इंजिन लहान होतं, पण चाली अगदी संथ. मागचा हौदा बुटका, आणि खिटी काढली की आमच्या टेम्पोच्या डंपरसारखा मागे कलून त्याची कड जमिनीला टेकायची. म्हणजे हरीण उचलायचं नाही, सरपटत वर घ्यायचं. मी सीटच्या पाठीमागे बोटीच्या ट्रेलरवर असतो तसा हाताने फिरवायचा विंच बसवला आणि दोर एका कप्पीवरून घेतला. मृण्मयीने खोळीचे पट्टे बांधले आणि मूठ फिरवायला लागली. तांदळाचं हरीण जमिनीवरून कडेवर, कडेवरून हौद्यात, एकदाही न अडता आलं. तिने हौदा खाली दाबून खिटी लावली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. डेलने काडी तोंडातून काढून खिशात ठेवली आणि म्हणाला की ही मशीन त्याला स्वतःला कधी अशी विकता आली नसती.

त्या वर्षी दसरा आठवड्यात मध्येच आला होता, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही तो शनिवारी केला, खंडेनवमीसकट. मृण्मयी ट्रेलरवर ती पोपटी गाडी घेऊन आली. गराजमध्ये पाट मांडून मी माझे पाने, मापं घ्यायचं व्हर्निअर, सुनंदाची कात्री, मृण्मयीची गाई तपासायची अवजारं अशी पूजा मांडली. बंदूक मात्र तिच्या पिकअपमध्येच राहिली. ती घरात आणायची नाही हा माझाच नियम होता. सुनंदाने हळदकुंकवाची ताटली खाली ठेवली आणि मृण्मयीला म्हणाली, "ती पण आण. आज शस्त्रं पुजतात, ह्यांचे पाने नव्हे."

मृण्मयीने ती रिकामी करून, उघडून दाखवून पाटावर ठेवली. सुनंदाने तिला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि आईने परीक्षेला जाणाऱ्या मुलीकडे बघावं तसं मृण्मयीकडे पाहिलं. मग गाडीची पाळी. चाकाखाली लिंबं ठेवायची तर घरात निघाली चारच. सहा चाकांच्या वाहनाला किती लिंबं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सुनंदाने दोन मोठ्या हिरव्या मिरच्या उरलेल्या चाकांपुढे ठेवल्या आणि म्हणाली की देवाला कळतं. मृण्मयीने गाडी पुढे घेतली, आणि चिरडलेल्या लिंबामिरच्यांचा वास गराजमध्ये बरेच दिवस होता.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम सुरू झाला. मी रजा टाकली, दुकानातून केशरी जाकीट घेतलं आणि रविवारीच मृण्मयीकडे मुक्कामाला गेलो. सोमवारी उजाडायच्या आत ती दरीत उतरली. मी वर, रॉयच्या घराच्या ओसरीवर. रॉयचे गुडघे गेलेले, तो आता शिकारीला जात नाही. त्याने मला पाणीदार कॉफी दिली आणि आम्ही दोघं धुकं पांगायची वाट बघत बसलो. दूरवर कुठे कुठे बार ऐकू येत होते. रॉय प्रत्येक आवाजाला कुणाची जमीन ते सांगत होता. आठ वाजून गेल्यावर एकच बार झाला, जवळचा, आणि रॉयने नुसतं आपल्या दरीकडे बोट दाखवलं.

थोड्या वेळाने मृण्मयीने माझ्याजवळ दिलेला वॉकी-टॉकी खरखरला. "गॉट वन, बाबा. खाली येऊ नका. प्रॉमिस?" मी म्हणालो, प्रॉमिस.

ती तिथे काय करत असेल हे मला माहीत होतं आणि डोळ्यांसमोर आणायचं नव्हतं. पोट उघडायचं, आतलं काढायचं. मग दोर, कप्पी, मूठ. मी मनात मुठीचे फेरे मोजत होतो. बऱ्याच वेळाने इंजिन सुरू झालं, खाली, लांब, जड आवाजात. मी उभा राहिलो. तो आवाज मला ओळखीचा होता. भरलेली गाडी, चढावर. आवाजावरून कळत होतं, ती दोन ओक वृक्षांमधून आली, वळणाला लागली, आवाज ताणला गेला आणि एकदम बंद पडला.

दरीत काही हलेना. रॉय काठी घेऊन उठला. म्हणाला की वळणावर अडकली, मी शेजाऱ्यांना फोन करतो. खंबाटकीत टेम्पो बंद पडला की आम्ही पाच जण उड्या मारायचो, चाकामागे दगड लावायला धावायचो. माझे पाय धावायला निघालेच होते. तिथे माझी मुलगी होती, ओल्या पालापाचोळ्याच्या चढावर, उलटू शकेल अशा गाडीवर, आणि ती गाडी मी निवडली होती. मी ओसरीच्या खांबाला हात घट्ट धरला. आयुष्यात मी अवघड कामं केली आहेत, पण त्या खांबाला धरून उभं राहणं त्या सगळ्यांहून अवघड होतं. मी रॉयला म्हणालो की थांबा, लागलं तर ती बोलावेल. रॉय काठी टेकून परत बसला.

पुढे कळलं ते असं. वजन मागे सरकून पुढची चाकं हलकी झाली होती. तिने गाडी थांबवली, उतरून चारी मागच्या चाकांना दगड लावले, हरीण पुन्हा विंचने पुढे ओढून घेतलं, आवळून बांधलं आणि सर्वांत संथ चालीत चढायला घेतलं. दगड लावायचे हे तिला कुणी शिकवलं, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "इट्स ऑब्व्हियस, बाबा."

पण तेव्हा ओसरीवर मला एवढंच ऐकू आलं की इंजिन पुन्हा लागलं आणि हळूहळू मोठं होत गेलं. आधी केशरी टोपी वर आली, मग पोपटी बॉनेट, मग सगळी गाडी. कोपरापर्यंत चिखल, गालावर रक्ताची रेघ, आणि तोंडावर लहानपणी सायकल शिकलेल्या दिवशी होतं ते हसू. रॉय उभा राहिला, आणि त्याने टोपीला हात लावला.

मी हौद्यापाशी गेलो. मोठी मादी होती. डोळे उघडे होते. मी तिच्या मानेवर हात ठेवला, आणि अजून ऊब होती. इतके आठवडे मी त्या वजनाशी झटत होतो, पण ते तांदळाचं होतं, आणि तांदूळ गार असतो. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी माझा ऊर अभिमानाने भरूनही आला होता. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं काही नव्हतं. मृण्मयीनेही शेजारी हात ठेवला. मग सुनंदाला फोन केला. तिने आधी विचारलं, तिला कुठे लागलं नाही ना? मग विचारलं, एकटीने आणलं? हो म्हटल्यावर ती म्हणाली की जेवून घ्या दोघं.

मारलेलं हरीण नोंदवावं लागतं. गावातल्या पेट्रोलपंपाजवळच्या एका दुकानात, गळ आणि गांडुळं विकतात त्याच गल्ल्यावर, त्या आठवड्यात नोंदणी चालते. बाहेर पिकअपची रांग होती. आदल्या वर्षी मदतीला आलेल्या दोघांपैकी एकजण रांगेत होता. तो ट्रेलरवरच्या सहाचाकीपाशी आला, हौदा कलवून पाहिला, कप्पीवर बोट फिरवलं आणि हे कुणाचं डोकं, असं विचारलं. मृण्मयीने माझ्याकडे मान केली. त्याने माझा हात हातात घेऊन हलवला.

आत गल्ल्यावरच्या बाईने फॉर्म पुढे ओढला आणि पेन उचललं. त्या डोंगरात मृण्मयीला सगळे माया म्हणतात. बाईने विचारलंही नाही, 'माया' लिहायला सुरुवात केली.

"नाही," मृण्मयी म्हणाली. "आज पूर्ण नाव लिहा."

बाईने नवा फॉर्म घेतला. मृण्मयी एकेक अक्षर सांगायला लागली. आधी स्वतःचं नाव. ते संपल्यावर मला वाटलं की आता आमचं आडनाव, खांबेटे. आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव लागतं, पण कॉलेजच्या त्या दुसऱ्या वर्षापासून तिने ते मधलं नाव सगळीकडून काढून टाकलं होतं, लायसन्सवरून, डिग्रीवरून, दवाखान्याच्या पाटीवरून. मी कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. तिने पुढचं अक्षर सांगितलं ते 'पी'. मग यू, आर, यू, एस, एच, ओ. बाई म्हणाली की चौकट लहान आहे, एवढं मावायचं नाही. मृण्मयी म्हणाली की मग बारीक लिहा.

आणि तिथे ती अडली. रांगेतले सगळे थांबले होते. चिखलाचे हात गल्ल्यावर तसेच ठेवून ती माझ्याकडे वळली.

"बाबा," तिने विचारलं, "पुरुषोत्तममध्ये टी एक की दोन?"

"दोन," मी म्हणालो.